डीओसी, कोंडा, मासळी, डीसीपी: खाद्याचा कच्चा माल घरीच कसा तपासायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सिन्नरकडे तुमचा लेयरचा (अंड्यांच्या कोंबड्यांचा) फार्म आहे, सोबत थोड्या म्हशी आहेत, खाद्य तुम्ही स्वतःच ग्राइंडर-मिक्सर लावून बनवता. सोया डीओसीचा (तेल काढलेल्या सोयाबीन पेंडेचा) लॅब रिपोर्ट ४६ टक्के प्रोटीन आला तरी अंडी घटली, विष्ठा पातळ झाली, आणि आता तुम्ही विचारताय की प्रत्येक गाडी लॅबला पाठवणं परवडत नाही तर घरच्या घरी काही केमिकल टेस्ट करता येतात का. येतात भाऊ, आणि अवघड नाहीत. मी नाशिक भागात फीड मिलच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी त्या ४६ टक्क्यांचं बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लॅब प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, त्याला क्रूड प्रोटीन म्हणतात. आता युरियात नायट्रोजन ४६ टक्के, म्हणजे ६.२५ ने गुणलं की युरियाचं 'प्रोटीन' होतं २८७ टक्के. समजा माल खरा ४० टक्क्यांचाच आहे, त्यात क्विंटलमागे फक्त अडीच किलो युरिया घातला की रिपोर्टवर बरोबर ४६ येतात. लॅब खोटं बोलत नाहीये, तिला जे विचारलं तेच ती सांगतेय. मेलामाइनचं पण हेच, त्यात नायट्रोजन ६६ टक्क्यांच्या वर आहे, चीनमध्ये २००८ साली दुधाचं जे मोठं प्रकरण झालं ते ह्याच हिशोबावर झालं होतं. कोंबडीला युरियाचा काडीचा उपयोग नाही, म्हशीच्या पोटातले जंतू थोडा युरिया वापरू शकतात पण कोंबडीकडे ती सोयच नाही, मग तो नायट्रोजन विष्ठेतून बाहेर पडतो आणि पक्षी ४० टक्क्यांच्या मालावरच जगतो.

म्हणून माझं म्हणणं असं की 'माल चांगला आहे का' असा प्रश्न विचारूच नका, त्याला घरच्या टेस्टमध्ये उत्तर नाही. 'ह्या मालात ह्याच्यापेक्षा स्वस्त आणि दिसायला सारखं काय घालता येईल' असं विचारा आणि मग नेमक्या त्या वस्तूची टेस्ट करा. डीओसीत युरिया, मक्याचा भरडा, रेती. कोंड्यात तूस आणि चुनखडी पावडर. मासळीत (वाळवलेल्या मासळीच्या भुग्यात) मीठ, रेती, युरिया. डीसीपीत (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसची पावडर) चुनखडी नाहीतर जिप्सम. एकदा ही यादी डोक्यात बसली की टेस्ट आपोआप ठरतात.

दुसरी गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला सांगतो तरी लोक टाळतात: खात्रीच्या मालाचा नमुना जपून ठेवा. ज्या लॉटवर पक्षी चांगले चालले, लॅबचा पूर्ण रिपोर्ट चांगला आला, त्यातला पाव किलो घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात, नाव-तारीख लिहून. कुठलीही टेस्ट करताना एका नळीत नवा माल, दुसऱ्या नळीत हा जुना, तिसऱ्या नळीत नुसतं पाणी आणि केमिकल. रंग नेहमी तुलनेत वाचायचा. नुसत्या एका नळीकडे बघून 'पिवळं दिसतंय' म्हणणं म्हणजे अंदाज, आणि अंदाजावर व्यापाऱ्याशी भांडायला गेलात तर तो दोन मिनिटात तुम्हाला गप्प करेल. जुना नमुना पण कायमचा नाही, तेल असलेल्या मालाचा तर दर काही महिन्यांनी बदला.

सॅम्पल वरच्या दोन पोत्यांतून मूठभर घेऊन चालत नाही. गाडीच्या सगळ्या थरांतून, साधारण दहातल्या एका पोत्यातून तरी, पोत्यात खुपसायची जी लोखंडी पोकळ नळी असते तिने घ्या, एकत्र करा, ताडपत्रीवर ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, परत तेच, असं करत अर्धा किलोवर आणा. युरिया किंवा मीठ घालणारा माणूस ते सगळ्या पोत्यांत सारखं मिसळत बसत नाही.

आता सामान. नाशिक शहरात शाळा-कॉलेजच्या लॅबला केमिकल पुरवणारी दुकानं आहेत, तिथे हे सगळं छोट्या पॅकमध्ये मिळतं: हायड्रोक्लोरिक ॲसिड, सिल्व्हर नायट्रेट, फिनॉल रेड, लाल लिटमस पेपर, फ्लोरोग्लुसिनॉल, डीएमएबी (पूर्ण नाव पॅरा-डायमिथाइलअमिनोबेन्झाल्डिहाइड, दुकानदार डीएमएबी म्हटलं तरी समजतो), अमोनियम मॉलिब्डेट, डिस्टिल्ड वॉटर, थोड्या टेस्ट ट्यूब, फिल्टर पेपर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. टिंक्चर आयोडीन जनावरांच्या मेडिकलमध्ये मिळेल. डिस्टिल्ड वॉटरवर कंजुषी करू नका, तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पाणीच पांढरं होतं, मालाचा संबंध नसतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं की कातडी काळी पडते, हातमोजे घाला. आणि कुठलंही केमिकल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका, फार्मवर पोरं असतात.

युरियापासून सुरू करू कारण तुमचा पहिला संशय तोच पाहिजे. सगळ्यात सोपी पद्धत कच्च्या सोयाबीनने होते, आणि सोयाबीन आपल्याकडे निफाड-येवला-सिन्नर पट्ट्यात घरोघरी आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरीएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडून त्याचा अमोनिया करतं. तर करायचं असं: दोन चमचे माल, एक चमचा ताजं दळलेलं कच्चं सोयाबीन (भाजलेलं किंवा उकडलेलं नको, उष्णतेने एन्झाइम मरतं), बुडेल इतकं कोमट पाणी, हाताला सोसेल इतपतच. काचेच्या बाटलीत घालून हलवा, झाकणाच्या आतून ओला लाल लिटमस पेपर चिकटवा पण तो मिश्रणाला लागता कामा नये. अर्धा तास ठेवा. युरिया असेल तर अमोनिया सुटतो आणि पेपर निळा होतो, बाटली उघडली की वासही येतो. शेजारच्या बाटलीत खात्रीचा माल आणि तेच सोयाबीन, तिथला पेपर लालच राहिला पाहिजे. पहिल्यांदा करताना तिसरी बाटली मुद्दाम भेसळीची करा, खात्रीच्या मालात चिमूटभर युरिया टाका, म्हणजे निळा म्हणजे किती निळा हे डोळ्याला कळेल आणि तुमचं सोयाबीनचं पीठ काम करतंय ह्याची पण खात्री होईल.

डीओसीच्या बाबतीत एक गंमतशीर पण कामाची गोष्ट आहे, तीच टेस्ट सोयाबीनचं पीठ न घालता पण करून बघा. तरीही पेपर निळा झाला तर मालात युरिया पण आहे आणि माल नीट शिजलेला पण नाही, दोन्ही दोष एकाच बाटलीत सापडले. असा माल कोंबडीला तर नकोच, म्हशीला तर अजिबात नको, कारण न शिजलेला सोया आणि युरिया एकत्र पोटात गेले की अमोनिया एकदम सुटतो आणि जनावर फुगून, थरथरून काही तासांत जाऊ शकतं.

डीएमएबीची टेस्ट जास्त झटपट आहे. १.६ ग्रॅम डीएमएबी १०० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात १० मिली कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक ॲसिड, हीच दुधातला युरिया बघायला वापरतात, दूध संकलन केंद्रावर तुम्ही पाहिलं असेल. मालाचा पाण्यातला अर्क गाळून घ्या, तितकंच हे द्रावण टाका, युरिया असेल तर ठळक पिवळा रंग येतो. मासळीचा आणि सोयाचा अर्क मुळातच जरा पिवळसर असतो म्हणून इथे जुन्या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

युरिया निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका, अमोनियम सल्फेट किंवा डीएपीसारखं खत पण घालतात. त्यासाठी माल ओला करून त्यात खायचा चुना मिसळा आणि तोच लिटमस वर लावा, इथे सोयाबीन घालायचं नाही. पेपर लगेच निळा झाला, नाकाला झणका आला तर अमोनियाचा क्षार आहे. फक्त मासळी जुनी, सडकी असेल तर तिच्यातून नैसर्गिक अमोनिया पण येतो, पण सडकी मासळी तरी कुठे घ्यायचीय आपल्याला.

अजून एक, शेतीचा युरिया २०१५ पासून पूर्ण नीम कोटेड झालाय, त्यामुळे कधीकधी मालाला कडवट निंबोळीचा वास येतो, पण भेसळीला कारखान्याचा टेक्निकल युरिया वापरला असेल तर वास काहीच येणार नाही. वास आला तर संशय वाढवा, नाही आला तर टेस्ट टाळू नका.

आता डीओसी शिजलाय की नाही. माझ्या मते लेयरवाल्याने ही टेस्ट प्रत्येक गाडीला केलीच पाहिजे, युरियापेक्षाही जास्त नियमित. कच्च्या सोयात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रोटीन पचू देत नाही, पक्षी खातो पण अंगी लागत नाही, विष्ठा पातळ होते, म्हणजे तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती सगळी युरियाशिवाय नुसत्या कच्च्या डीओसीने पण येऊ शकतात. तो इनहिबिटर थेट मोजणं कठीण, पण तो आणि युरीएज साधारण एकाच उष्णतेला मरतात, म्हणून युरीएज बघून अंदाज घेतात. द्रावण असं: ०.१४ ग्रॅम फिनॉल रेड हे ७ मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ३५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, वेगळं २१ ग्रॅम युरिया ३०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये, दोन्ही एकत्र करा, आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिड थेंब थेंब घालून फिक्क्या कोऱ्या चहाच्या रंगावर, म्हणजे अंबर रंगावर आणा. काटा इतका बारीक नसेल तर हे द्रावण ओळखीच्या कॉलेजच्या लॅबमधून बनवून घ्या. पांढऱ्या बशीत डीओसीचा पातळ थर पसरा, द्रावण ओता, हलकं ढवळा, थर परत सपाट करा, पाच मिनिटं थांबा. इथे तिथे तुरळक लाल ठिपके उमटले तर माल बरोबर शिजलाय. पाव हिस्सा पृष्ठभाग लाल झाला तरी चालतो. अर्ध्याच्या वर लाल झालं तर कच्चा आहे, परत पाठवा. एकही ठिपका नाही तर अर्धा तास अजून ठेवा, तरीही काही नाही तर माल जळालाय, जास्त शिजलाय, त्यात लायसिन (गरजेचं एक अमिनो ॲसिड) खराब झालेलं असतं आणि असा माल रंगानेही तांबूस-तपकिरी दिसतो. बरेच जण 'एकही ठिपका नाही' ह्याला एक नंबर माल समजतात, तसं नाहीये, तोही तोट्याचाच.

लॅबला पाठवलात तर प्रोटीनसोबत दोन गोष्टी मागा: युरीएज इंडेक्स, तो ०.०५ ते ०.२० च्या आसपास असावा, आणि केओएच प्रोटीन सोल्युबिलिटी (केओएचच्या द्रावणात किती टक्के प्रोटीन विरघळतं ते), ती साधारण ७३ ते ८५ च्या दरम्यान. ८५ च्या वर म्हणजे कच्चा, ७० च्या खाली म्हणजे जळका. त्याशिवाय ट्रू प्रोटीन (युरियासारखा नायट्रोजन वगळून खरं प्रोटीन) वेगळं मागा, क्रूड आणि ट्रूमध्ये मोठी तफावत आली की समजून जा.

डीओसीत मक्याचा भरडा किंवा दुसरं धान्य आहे का हे आयोडीन सांगतं. पिकलेल्या सोयाबीनमध्ये स्टार्च जवळपास नसतो. चमचाभर डीओसी पाण्यात उकळा, गार होऊ द्या (गरम असताना रंग येत नाही), आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा झाला तर धान्य आहे. पुसटसा रंग सोडून द्या, गिरणीत आधीचा माल थोडा राहतोच.

रेतीला तर केमिकलपण नको. पन्नास ग्रॅम माल मोठ्या ग्लासात भरपूर पाण्यात ढवळा, वरचं हळूच ओतून द्या, परत पाणी, परत ओता, तांदूळ निवडताना खडे खाली बसवतो तसं. तळाशी राहिलेलं वाळवून तोला, एक ग्रॅम भरलं तर दोन टक्के रेती. सरकी पेंडेला ही टेस्ट मी आवर्जून करायला सांगतो, कारण ढेपेच्या आत काय दडलंय ते वरून कळत नाही. तळाशी बसलेल्यावर थोडं पातळ हायड्रोक्लोरिक टाका, फसफसलं तर चुनखडी, नाही फसफसलं तर रेती नाहीतर क्रशरची कच, आपल्याकडचा काळा दगड ॲसिडला दाद देत नाही.

मासळी. मी तर लहान फार्मवाल्यांना मासळी टाळाच म्हणतो, तितक्या प्रोटीनसाठी डीओसी आणि मेथिओनिन-लायसिनचा हिशोब जास्त सुरक्षित बसतो, पण घ्यायचीच असेल तर मीठ मोजल्याशिवाय घेऊ नका. वाळवताना मीठ लावतात आणि वजन वाढवायला पण मीठच सगळ्यात स्वस्त. मीठ जास्त गेलं की पक्षी पाणी जास्त पितो, विष्ठा पातळ. म्हणजे तुमच्या तक्रारीचं हे तिसरं कारण, आणि तुम्ही मासळी घालता का ते लिहिलेलं नाही. आहे की नाही एवढं बघायचं तर अर्कात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, दह्यासारखा पांढरा साका येतो. पण मीठ थोडं तर सगळ्याच मासळीत असतं, म्हणून किती आहे ते मोजावं लागतं, आणि ते जमतं: १ ग्रॅम मासळी ५०-६० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलवून गाळा, गाळ थोड्या पाण्याने धुऊन तेही त्यातच घ्या, पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाका, पाणी पिवळं होईल. आता ड्रॉपरने नाही तर मिलीच्या खुणा असलेल्या सिरिंजने ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट (लिटरला १७ ग्रॅम) थोडं थोडं घाला आणि हलवत राहा. विटकरी रंग आला आणि हलवूनही टिकला की थांबा. जितके मिली लागले त्याला ०.५८५ ने गुणा, तेवढे टक्के मीठ. दहा मिली लागलं तर पावणेसहा-सहा टक्के मीठ आहे, मग खाद्यातलं वेगळं मीठ तितकं कमी करा नाहीतर मालाचा भाव पाडा. क्रोमेट विषारी आहे, हाताळून झालं की हात साबणाने धुवा आणि उरलेलं द्रावण नाल्यात किंवा विहिरीकडे ओतू नका.

चामड्याचा भुगा घातलेली मासळी पण सापडते. कमावलेल्या चामड्यात क्रोमियम असतं, राख करून त्यावर पातळ सल्फ्युरिक ॲसिड आणि डायफिनाइलकार्बाझाइड टाकलं की जांभळा रंग येतो, पण राख करायला मफल फर्नेस लागते म्हणून ही टेस्ट लॅबवाल्यावर सोपवा.

कोंड्याबद्दल जरा थांबून लिहितो कारण आपल्या जिल्ह्याचा हा खास माल आहे. इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यातला भात घोटीच्या गिरण्यांत येतो आणि तिथून कोंडा-पॉलिश आपल्याकडे. तूस म्हणजे वरचं टरफल, त्यात पोषण जवळपास शून्य, सिलिका आणि लिग्निन भरलेलं. बारीक दळून कोंड्यात मिसळलं की डोळ्याला कळत नाही, बोटांत चोळलं तर टोचतं एवढंच. टेस्ट लिग्निनची: २ ग्रॅम फ्लोरोग्लुसिनॉल ९० मिली अल्कोहोलमध्ये, त्यात १० मिली कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक. बशीत चमचाभर कोंडा पसरा, भिजेल इतकं द्रावण टाका, दहा मिनिटं थांबा. तुसाचे कण लाल-गुलाबी होतात, खरा कोंडा तसाच राहतो. लाकडाचा भुसा असला तरी लालच होईल. टक्केवारीचा अंदाज हवा असेल तर स्वतः ५, १०, २० टक्के तूस घालून तीन बश्या तयार करा, फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याशी जुळवा.

पण लाल दिसलं की लगेच गिरणीवाल्याला चोर ठरवू नका. जुन्या हलर गिरणीत टरफल आणि कोंडा एकत्रच निघतात, तिचा कोंडा कधीच स्वच्छ नसतो, शेलर आणि पॉलिशर वेगळे असलेल्या गिरणीचा असतो. हलरचा माल हलरच्या भावात मिळत असेल तर त्यात फसवणूक नाही, फक्त तो लेयरला न घालता म्हशींच्या वाट्याला टाका. फसवणूक तेव्हा, जेव्हा पॉलिशच्या भावात हे येतं.

कोंड्यावर पातळ हायड्रोक्लोरिकचे थेंब टाकून पण बघा, जोरात फसफसलं तर चुनखडी पावडर. आणि कोंडा ताजा पाहिजे. त्यात १५-२० टक्के तेल असतं आणि दळल्या क्षणापासून लायपेज त्याचं फॅटी ॲसिड करत सुटतं, पावसाळ्यात तर काही दिवसांतच कडवट वास मारतो. डीओआरबीचं (तेल काढलेल्या भाताच्या कोंड्याचं) तेल काढलेलं असतं म्हणून तो जास्त टिकतो, पण त्याची ऊर्जाही तितकीच कमी, दोन्ही एका भावात धरू नका.

खनिजांच्या टेस्ट सगळ्यात मजेशीर आणि सगळ्यात खात्रीच्या, आणि इथेच लोक काही बघत नाहीत कारण पांढरी पावडर बघून करणार काय असं वाटतं. डीसीपी पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये टाका. चांगलं डीसीपी शांतपणे विरघळतं, थोडे बुडबुडे चालतात कारण बनवतानाची थोडी चुनखडी शिल्लक राहू शकते. धो धो फसफसलं तर चुनखडी मिसळलीय, तळाशी न विरघळणारं राहिलं तर रेती-माती. मग फॉस्फेट खरंच आहे का ते बघायला चिमूटभर माल पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवा, अमोनियम मॉलिब्डेटचं द्रावण घालून कोमट करा, पिवळाधमक साका आला पाहिजे. चांगल्या डीसीपीत फॉस्फरस १८ टक्के असतो, खात्रीच्या नमुन्याइतकाच माल घेऊन दोन्हीकडचा साका बघितला तर निम्म्याने कमी असलेला लगेच लक्षात येतो. जिप्समचा संशय असेल तर ॲसिडच्या द्रावणात बेरियम क्लोराइड टाकतात, पांढरा साका येतो जो ॲसिडने जात नाही, पण बेरियम फार विषारी, घरी नकोच. रॉक फॉस्फेट मात्र ह्यातल्या मॉलिब्डेट टेस्टमध्ये पासच होतो, त्यातलं फ्लोरीन हाडं आणि दात खराब करतं, म्हशी लंगडायला लागतात, म्हणून डीसीपी नवीन सप्लायरकडून घेताना फ्लोरीनचा रिपोर्ट लॅबचाच मागा.

चुनखडी म्हणजे एलएसपी (पावडर) किंवा चिप्स (खडे), १० ग्रॅम घेऊन थोडं थोडं ॲसिड टाकत राहा जोपर्यंत फसफसणं थांबत नाही, उरलेला गाळ धुऊन वाळवून तोला, तेवढी भेसळ. अख्खा खडा थंड पातळ ॲसिडमध्ये आळसटल्यासारखा फसफसत असेल तर तो डोलोमाइट असायची शक्यता, त्यात मॅग्नेशियम जास्त, लेयरला नको. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा दोन्ही फसफसतात, तिथे पाण्यात विरघळवून फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाका, गडद गुलाबी झाला तर धुण्याचा सोडा. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवा, थोड्या वेळात तांब्याचा थर चढतो.

मेथिओनिन आणि लायसिन महाग म्हणून त्यात भेसळीचा मोह जास्त. स्टीलच्या जुन्या चमच्यात चिमूटभर घेऊन गॅसवर पूर्ण जाळा, उघड्यावर करा कारण मेथिओनिनला गंधकाचा घाणेरडा वास येतो. शुद्ध अमिनो ॲसिड जळून जातं, राख जवळपास राहत नाही. पांढरी राख राहिली तर खनिज आहे, राखेवर ॲसिड टाका, फसफसलं तर चुनखडी. स्टार्च मात्र जळून जातो, तो राखेत सापडणार नाही, त्यासाठी वेगळ्या चिमटीवर आयोडीन.

मक्याला ओलावा आणि बुरशी, दोनच गोष्टी. आपल्याकडे मका दसरा-दिवाळीच्या सुमारास येवला, लासलगाव, मालेगावच्या बाजारात येतो आणि परतीचा पाऊस त्याच वेळी हात धुऊन मागे लागलेला असतो. कोरडी काचेची बाटली, त्यात एक तृतीयांश मका, दोन चमचे तव्यावर गरम करून वाळवलेलं मीठ, मिनिटभर जोरात हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर, साठवायला लायक नाही. मीठ सुटं राहिलं तर ठेवायला हरकत नाही.

अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) घरगुती केमिकल टेस्ट नाही, कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली भरडलेला मका अंधारात बघितला तर हिरवट-पिवळी चमक दिसते, पण ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसून बुरशीच्या दुसऱ्या एका पदार्थाची असते, त्यामुळे चमकला तर लॅबला पाठवा, नाही चमकला तर निर्धास्त होऊ नका. नोटा तपासायचे बरेच दिवे ३९५ चे असतात, ते इथे चालत नाहीत. तयार स्ट्रिप मिळतात, त्या वापरा. शेंगदाणा पेंडेला तर ही तपासणी हवीच, १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या त्या शेंगदाणा पेंडेतल्या ह्याच विषाने. पशुखाद्याला अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा २० पीपीबी (अब्जात २० भाग) धरतात, आणि म्हशीने खाल्लेलं दुधात एम-१ म्हणून उतरतं, तिथे आपल्याकडे मर्यादा ०.५ पीपीबी आहे. हा विषय फक्त जनावराचा राहत नाही, दूध आपलीच पोरं पितात.

तर तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आजच्या आज शिल्लक डीओसीची बशीतली फिनॉल रेडची टेस्ट आणि बाटलीतली युरियाची टेस्ट, दोन्ही. मग मासळी घालत असाल तर मीठ. मग कोंडा आणि चिप्स. दोन्ही सोया टेस्ट चांगल्या आल्या तर डीओसीला दोष देणं थांबवा आणि मका बघा, पाणी बघा, डॉक्टरांना पक्षी दाखवा, कारण अंडी घटायला रोगही असू शकतो आणि तो ह्या बाटल्यांत दिसत नाही. एखादी टेस्ट वाईट आली तर लगेच फोन करून व्यापाऱ्यावर ओरडू नका, त्याच्या माणसासमोर परत सॅम्पल काढा, तीन पिशव्या करा, तिन्हीवर गाडी नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या, एक त्याला, एक लॅबला, एक तुमच्याकडे सीलबंद. लॅबसाठी गुजरातेत आणंदला एनडीडीबीची (राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाची) काफ लॅब आहे, आपल्याकडे शिरवळ आणि मुंबईच्या व्हेटरनरी कॉलेजातही विचारून बघा. पुढच्या गाडीपासून मात्र टेस्ट माल उतरवायच्या आधी करा, ड्रायव्हरला चहा पाजा आणि अर्धा तास थांबवा, गाडी रिकामी झाली आणि पैसे गेले की मग टेस्टचा निकाल काहीही येवो, बोलणी तुमच्या हातात राहत नाहीत. फिनॉल रेडच्या बशीचा फोटो इथे टाकलात तर ठिपके बघून मी सांगेन.